इवायाचा अंगठा

"सांगनार न्हाय मी. आन् तुमीबी सांगायचं न्हाय."

"आगं, आपलं इवाय हायती त्ये."

"इवाय हायती म्हनूनच."

"मानूस मरंल, म्हाळसा."

"मरू दे की. मी तरी काय शंभर वरसं जगाया बसलीया का हितं?"

बिरूच्या हातात केळ्यांची पिशवी तशीच लोंबत होती. ती आणणारा इवाय, म्हणजे त्यांच्या मनीषाचा सासरा सिद्धू, चहा पिऊन आत्ताच उठून गेला होता. गाडीची धूळ अजून बांधावर तरंगत होती. म्हाळसा पडवीतल्या खाटेवर डावा पाय उशीवर टाकून बसलेली. टाचेला पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं बोचकं.

"तुला पक्कं ठावं हाय का पर?"

"केळी देताना अंगठा माझ्या नाकाम्होरंच धरला हुता त्येनं. नखात उभी काळी रेघ, बुडापासनं टोकापतूर. आन् नखाच्या बुडाला कातडीवरबी काळं सांडलंय. त्या डाक्तरीनबाईनं माझी समदी नखं भिंगातनं बघितली, तवा हेच सांगितलं हुतं. आसं दिसलं तर काम टाकून पळत या म्हनली."

"बिब्ब्याचं आसंल. त्येंचा अंगठा सदा काळाच आसतोय."

"व्हय. माझी टाचबी बिब्ब्याचीच हुती."

 बिरूनं पिशवी खुंटीला अडकवली. म्हाळसानं त्याला खाटेजवळ बोलावलं, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी आणायला लावली आणि त्याच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला.

"घ्या आन. मी सुटं म्हनंपतूर ह्या अंगठ्याचं कुनाला सांगायचं न्हाय. पोरीलाबी न्हाय."

बिरू सांज-सकाळ बिरोबाला हात जोडल्याशिवाय चूळ न भरणारा माणूस. भंडारा हातात आल्यावर त्याची जीभ कुलूप लावल्यासारखी झाली. त्यानं आण घेतली, आणि त्या दिवसापासनं त्याला भाकरी गोड लागेना.

वरकुट्यात म्हाळसाला ओळखत नाही असा माणूस नाही आणि तिच्या तोंडाला लागंल असाही नाही. बाप मेंढरांमागं हिंडणारा, सासराही तसाच. लग्न होऊन आली तेव्हा दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणच्या वाटेला लागायचं, हा रिवाज होता. मग कालव्याचं पाणी आलं, थोडा ऊस झाला, थोरल्या दिरानं मेंढरं विकून ट्रॅक्टर घेतला. म्हाळसानं मात्र आपल्या वाटणीची मेंढरं मोडू दिली नाहीत. "ऊस काय आपल्याकडं मान वळवून बगत न्हाय," असं ती म्हणायची. रोज कालव्याच्या कडंनं, पडीक रानानं, वेड्या बाभळीच्या बेटांतनं ती कळपामागं चालायची. मेंढरू जरा लंगडलं की त्याला मांडीत उताणं घेऊन खूर उलगडायची, कुजकं खरवडून काढायची, हळद भरायची. कुठल्या मेंढराच्या कुठल्या खुरात काय आहे ते तिला अंधारात हात फिरवून कळायचं. स्वतःचा तळपाय मात्र तिनं कधी उलटा करून बघितला नव्हता. आमच्याकडं बघतं कोण? तळपाय ही काय बघायची जागा आहे?

टाचेत वेड्या बाभळीचा काटा मोडला आणि ती सिद्धूकडं गेली.

सिद्धूची इंदापूरच्या कडंला वस्ती. बाजाराच्या दिवशी तो लिंबाखाली पोतं टाकून बसायचा. काटा काढणं, कुरूप काढणं, भेगा भरणं ही त्याची विद्या. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ते थेंबथेंब भेगेत सोडायचं आणि वरनं अंगठ्यानं दाबायचं. अंगठ्यानंच. त्या अंगठ्याची ख्याती पार भिगवणपर्यंत होती. हात हलका होता हे खरं, त्यात खोटं नाही. ऊसतोडीची माणसं, हमाल, वालचंदनगरच्या कंपनीतनं रिटायर झालेले कामगार, सगळे त्याच्यापुढं पाय पसरून बसायचे. सिद्धूतात्यानं अंगठा टेकवला की दुखणं पळालं, असं बोललं जायचं. पैसे तो मागायचा नाही. त्याला पाहिजे असायचं ते निराळंच. माणसानं पाय त्याच्या मांडीवर ठेवावा आणि चार लोकांत "तात्या, तुमी हाय म्हनून" असं म्हणावं.

त्यानं काटा काढला, बिब्बा भरला. टाचेवर काळा डाग राहिला. बिब्ब्याचा डाग राहतोच, आठपंधरा दिवसांत झिजून जातो. हा गेला नाही. म्हाळसा पुन्हा गेली. सिद्धूनं डाग बघितला, पुन्हा बिब्बा भरला. डाग काळाच राहिला, वर पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. एका अंगाला काळाभोर, दुसऱ्या अंगाला मातकट. नंतर त्यातनं लस यायला लागली.

"बिब्बा उतलाय," सिद्धू म्हणाला.

आता ह्यात म्हाळसाचं चुकलं असं म्हणावं तर म्हणता येत नाही. बिब्ब्यानं कातडी काळी पडते हे शेंबडं पोरही सांगंल, आणि बिब्बा उतला की फोड येऊन फुटतो हेही. काळं पडलं तरी बिब्बा, फुटलं तरी बिब्बा. दोन्हीला उत्तर तयार होतं, मग संशय यायचा कुठनं?

संशय आला मनीषाला. ती सिद्धूच्याच घरात, त्याच्या सूरजची बायको. आईच्या चपलेत रक्त बघून ती घरात म्हणाली, "आईला एकदा डॉक्टरकडं नेते." सिद्धूनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"इहिनीचा पाय माझ्या हातात हाय. डाक्तर कशापायी? उद्या बाजारात लोकं म्हनतील, घरच्याच मानसाचा इस्वास न्हाय."

मनीषाला त्या घरात नांदायचं होतं. म्हाळसालाही ते ठाऊक होतं. लेकीच्या सासऱ्याचा शब्द मोडायचा म्हणजे लेकीच्या ताटात माती टाकायची. सिद्धूनं त्यानंतर चाकूनं तो डाग वरवर तासला. "मुळासकट काढतो," म्हणाला. मूळ काही निघालं नाही, रक्त तेवढं थांबता थांबेना.

शेवटी मनीषानं खोटं रचलं. चुलत नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला बारामतीला जायचंय, आईला रंग कळतात, तिला संगं घेते. बस्ता बांधायचा राहिला आणि दोघी दवाखान्यात जाऊन बसल्या.

तिथली कातडीची डॉक्टर राजलक्ष्मी म्हणून होती. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, त्यामुळं तिला म्हाळसाची बोली कळायची. तिनं टाच भिंगातनं बराच वेळ बघितली, कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर खुर्ची म्हाळसाजवळ ओढून घेतली.

"मावशी, हा काळ्या डागाचा कॅन्सर आहे. हाता-पायाच्या तळव्याला, नखाखाली होतो. पण अजून पायातच दिसतोय. आता तीन गोष्टी बघायच्या. एक, तो कातडीत किती खोल उतरलाय. दुसरं, वरची कातडी फुटलीय का. तिसरं, जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलाय का. माणसाचं पुढं काय होणार ते बरंचसं ह्यांवरनं ठरतं."

"हराळीवानी," म्हाळसा म्हणाली.

"हो, तसंच. वरवर असताना खुरप्यानं निघते. मुळांची काशी खोल गेली की रान उकरावं लागतं."

"माझी काशी कुठवर गेलीय?"

"रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा थोडी खोल. आणि वर फुटलंय, ते बरं लक्षण नाही. कागदाएवढं पातळ असताना आला असतात तर एवढं बोलायची वेळच आली नसती."

"म्हंजी इवायानं मारलं मला."

डॉक्टरनं मान हलवली. "बिब्ब्यानं कॅन्सर होत नाही, मावशी. जखम बिब्ब्यानं झाली की आजारानं, तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. उशीर झाला, एवढंच खरं."

म्हाळसाला ते पटलं नाही. परत येताना एस्टीत ती मनीषाला म्हणाली, "उशीर झाला म्हनती. उशिराला काय बाप नसतो व्हय? गावात पोर जलमलं तर पंच बाप हुडकून काढत्यात."

ऑपरेशन पुण्याला झालं. टाच खरवडून काढली, मांडीची कातडी आणून तिथं शिवली. जांघेतली गाठ काढून तपासली, ती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले ही मोठी चांगली बातमी, पण खोली आणि फुटलेली कातडी बघता पुढची काही वर्षं डोळ्यांत तेल घालून तपासायला लागणार. म्हाळसानं त्यातनं आपल्यापुरता हिशेब केला. मेली नाही, पण सुटली पण नाही. मेंढरांमागं चालायचं कायमचं संपलं. मांडीच्या कातडीला टाचेचं काम येत नाही. बिरूनं मेंढरं दिराच्या पोराकडं अर्धेलीनं दिली आणि दारात चार शेळ्या बांधल्या. कळप जाताना म्हाळसानं बघितलं नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

हे सगळं एक वेळ तिनं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते त्या केळ्यांच्या दिवशी घडलं.

सिद्धू भेटायला आला तेव्हा पडवीत शेजारपाजार जमला होता. सिद्धूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तवाच म्हनलं हुतं इहीनबाईला. हे माझं काम न्हाय, डाक्तरला दावा. पर बायामानसं ऐकत्यात का?"

शेजारची धोंडाबाई लगेच म्हणाली, "मग बाई, ऐकावं की इवायाचं. येवढं जानतं मानूस."

 जिच्या जिभेला सगळं गाव भ्यायचं त्या म्हाळसाला त्या वेळी जीभ सापडली नाही. बिरू खाली मान घालून बसलेला. चार माणसांत इवायाला खोटं कसं पाडायचं? आणि तेवढ्यात सिद्धूनं केळी पुढं केली, आणि अंगठ्याची रेघ तिच्या डोळ्यांपुढं आली. ती केळी तिनं दोन्ही हातांनी घेतली. "बसा की आजून थोडं," असंही म्हणाली.

पुढचे दिवस म्हाळसा खाटेवर पडून एकच गोष्ट करत होती. मनातल्या मनात अंगठा वाढवत होती. आता कागदाएवढं असंल. आता पुठ्ठ्याएवढं. आता नाण्याएवढं होऊ दे. मग फुटू दे. मग बगलेत गाठ येऊ दे. डॉक्टरनं जे शिकवलं होतं ते तिनं असं वापरायला घेतलं. बिरू शेळ्यांना पाला टाकता टाकता मधेच थांबायचा.

"म्हाळसा, सुटं कर की मला."

"न्हाय."

"रातीला झोप लागंना."

"मलाबी लागत न्हाय. गप पडा."

"पोरीचं घर हाय गं त्ये."

"पोरीचं घर तिचा नवरा चालवतोय. म्हातारा काय खांब न्हाय त्या घराचा. लई तर तुळई आसंल, किडकी."

मनीषा मधनंमधनं यायची, आईचा पाय धुवायची, पट्टी बदलायची. सासऱ्याची चौकशी म्हाळसा स्वतःहून करायची. तात्यांची तब्येत बरी हाय न्हवं? हात-बोट दुखत न्हाय न्हवं? मनीषाला वाटायचं, आईचा राग निवला. बिरू उठून गोठ्यात जायचा.

मग तपासणीची तारीख आली. राजलक्ष्मी डॉक्टरनं जांघ चाचपली, बाकीचं अंग बघितलं, ठीक आहे म्हणाली. उठता उठता म्हाळसानं विचारलं, "बाई, एकांद्याच्या अंगठ्याच्या नखात तुमी सांगितली तसली रेघ आसंल, बुडाला काळं आसंल, पर फुटलेलं नसंल, दुखत नसंल. त्यो मानूस किती दिस काढतोय?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "कोणाच्या?"

"हाय बाजारातला एक."

"रेघ प्रत्येक वेळी तीच असते असं नाही. पण बुडाला कातडीवर काळं असंल तर तपासायलाच पाहिजे. मावशी, त्याला उद्या घेऊन या. पातळ असताना सापडलं तर तो माणूस बरा होतो. तुमच्यापेक्षा कितीतरी सोपं."

"माझ्यापरास सोपं?" म्हाळसा बसली परत. "मग त्येला काय कापत न्हाय?"

"कापायला लागतं. कधी नख आणि खालची कातडी निघाली की भागतं, कधी अंगठ्याचं वरचं पेर जातं."

"पेर जातं?"

"जाऊ शकतं. पण माणूस राहतो."

 बिरूनं नंतर सांगितलं, की दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हाळसानं त्याचा खांदासुद्धा धरला नाही, 'पेर जातं' एवढंच पुटपुटत होती.

तरी ती तेव्हा ठरवून मोकळी झाली असं नाही. मन अजून दोन्हीकडं ओढत होतं. मरू दे म्हणणारं मन जोरात होतं. ते फिरलं इंदापूरच्या स्टँडवर.

स्टँडच्या तोंडाला नवा फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. वर फोटो होता त्या माणसाला सगळा तालुका ओळखत होता. सख्ख्या भावजयीला बांध कोरून कोरून भिकेला लावलेला, बाजारात चालत्या बाईला धक्का मारून जाणारा. फोटोत मात्र फेटा, अष्टगंध आणि गालात हसू. खाली लिहिलेलं, गोरगरिबांचा आधारवड हरपला. म्हाळसाला वाचता येत नव्हतं. तिनं बिरूकडनं वाचून घेतलं, परत वाचून घेतलं.

"ह्यो? आधारवड?"

"मेल्यावर तसंच लिवत्यात."

म्हाळसा काठी टेकून त्या फ्लेक्सपुढं उभी राहिली. गावाला जाणारी गाडी लागली, कंडक्टरनं बेल मारली, गाडी गेली. बिरू कावला.

"म्हंजी इवाय मेला," ती सावकाश म्हणाली, "की हितं त्येचाबी फोटू लागनार. लिंबाखाली लोकं नारळ फोडनार. तात्यांचा अंगठा, तात्यांचा अंगठा करनार. आन् मी लंगडत जाऊन म्हनले, ह्येनं माझा पाय खाल्ला, तर लोकं म्हननार, गेलेल्या मानसाबद्दल आसं बोलू नगं बाई."

"म्हननारच."

"मग मरून चालनार न्हाय त्येला."

बिरूचा चेहरा उजळला. "सुटं केलंस मला?"

"न्हाय. तुमी गप ऱ्हावा. मी सांगती. पर माझ्या रीतीनं."

बाजाराच्या दिवशी लिंबाखाली नेहमीसारखी गर्दी होती. सिद्धू पोत्यावर बसलेला, मांडीवर एका ट्रक ड्रायव्हरचा पाय, शेजारी दिवा, सुईला बिब्बा. मागं नंबर लावून बसलेली माणसं. म्हाळसा काठी टेकत आली. लोकांनी वाट दिली. एका म्हाताऱ्यानं आपलं पोतं पुढं सरकवलं. ती बरोबर सिद्धूच्या समोर बसली.

"या, इहीनबाई," सिद्धू म्हणाला. "आवो, येवढं चालत कशाला आला? निरोप धाडायचा."

"तुमच्याच कामाला आले. हात दावा."

"हात?"

"उजवा. अंगठा."

सिद्धू हसला. ड्रायव्हरही हसला. "आता इहीनबाई माझा हात बघनार. बघा बाई, नशिबात काय हाय त्ये."

त्यानं अंगठा पुढं केला. रेघ आता रुंद झाली होती. म्हाळसानं अंगठा धरला, सगळ्यांना दिसंल असा वर केला.

"ह्ये काय हाय?"

"बिब्ब्याचा डाग. दुसरं काय?"

"किती दिस झालं?"

"मला काय म्हायती? रोजच लागतोय."

"डाग वरनं लागलेला आसला तर पात्यानं निघंल. काढा."

"आवो, गिऱ्हाईक बसलंय..."

"काढा की. लोकांच्या टाचा तासता, आपलं एक नख तासायला काय जातंय?"

लोकांत खसखस पिकली. सिद्धूला हसण्यावर न्यावं लागलं. त्यानं ब्लेड घेतलं आणि नख खरवडायला लागला. वरचा काळपट बिब्बा पापुद्र्यासारखा निघाला, नख दुधासारखं पांढरं झालं. रेघ होती तिथंच. आतनं. खरवडलं तशी आणखीच ठळक दिसायला लागली. हसणं कमी झालं. सिद्धूनं आणखी जोरात ब्लेड फिरवलं.

म्हाळसानं पायातली दवाखान्याची जाड चप्पल सोडली आणि डावा पाय उचलून ड्रायव्हरच्या पायाशेजारी, सिद्धूच्या मांडीवर ठेवला. टाच सगळ्यांनी बघितली. टाच नव्हतीच ती. चेपलेली, चकाकणारी, निराळ्या रंगाची कातडी, भोवती शिवणीचा वळ. ड्रायव्हरनं आपला पाय गुमान काढून घेतला.

"हितंबी बिब्ब्याचा डागच हुता," म्हाळसा म्हणाली. "न्हवं का?"

सिद्धूनं ब्लेड खाली ठेवलं. "इहीनबाई, काय हाय ह्ये? माझं काय हाय ह्ये?"

"सांगती. कुठं जायचं, कुनाला दावायचं, समदं सांगती. आजून येळ हाय तुमाला. पर आदी तुमी सांगायचं. मला डाक्तरकडं जाऊ नगं कोन म्हनलं?"

सिद्धूनं आजूबाजूला बघितलं. निम्मी गर्दी ओळखीची, आणि अनोळखी माणसं कुरूप विसरून पुढं वाकलेली.

"घरातलं घरात बोलू, इहीनबाई."

"केळी घेऊन आला तवा घरातलं घरात बोलला का? धोंडाबाईनं ऐकलं, समद्या आळीनं ऐकलं."

"चुकून बोललो आसंन."

"मग आता चुकून खरं बोला."

सिद्धू अंगठ्याकडं बघत होता. त्या अंगठ्यानं त्यानं सगळ्या तालुक्याचे पाय दाबले होते, आणि आता तो परक्या माणसाचा असल्यासारखा त्याला सुटा धरून बसला होता. मग पुटपुटला, "मीच म्हनलो."

"त्या मागच्या आज्ज्याला ऐकाया गेलं न्हाय."

"मीच म्हनलो, जाऊ नगा. डाक्तर नगं म्हनलो. झालं?"

"आन् पडवीत सांगितलं त्ये?"

"त्ये खोटं."

म्हाळसानं पाय उचलून घेतला, चप्पल चढवली. "बारामतीला जावा. राजलक्ष्मी डाक्तर हाय. म्हाळसानं धाडलंय म्हना. आन् उद्याच जावा, परवा न्हाय. ह्ये खोल जातंय." ती काठीवर भार देऊन उठली. मागं बसलेल्या माणसांना म्हणाली, "तुमीबी ज्येंनी त्येंनी आपापलं तळपाय बघा. बायकूकडनं बघून घ्या. डाग जात नसला तर हितं बसू नगा." ह्यातलं शेवटचं वाक्य लोकांच्या कळवळ्यानं बोलली असं कुणी समजू नये. तिला ते पोतं रिकामं बघायचं होतं.

तपासणीत रेघ त्याच रोगाची निघाली. पेर कापलं. पातळ होतं, फुटलं नव्हतं. "तुम्ही वेळेवर आलात," असं डॉक्टर सिद्धूला म्हणाली. मनीषानं हे आईला आनंदानं सांगितलं आणि म्हाळसाचं डोकं फिरलं.

"येळेवर? त्यो आला व्हय येळेवर?"

तेव्हा बिरूच्या तोंडाचं कुलूप निघालेलं होतंच. भंडाऱ्याची आण, केळ्यांचा दिवस, सगळं त्याच्याकडनं सांडलं. मनीषा आईकडं बघतच राहिली.

"आई, तू एवढं दिवस बघत बसलीस? आणि मला तात्यांची तब्येत विचारायचीस?"

"बसले."

"आणि त्यात ते खोल गेलं असतं तर?"

"तर गेलं आसतं. माझं खोल जात हुतं तवा त्यो काय करत हुता? बिब्बा तापवत हुता."

मनीषा पुढं बरेच दिवस आली नाही. फोनवर बोलली तरी कामापुरतं. म्हाळसानं त्याचं कुणाकडं रडगाणं गायलं नाही. लेक तुटली तर तुटली, सांधायची तेव्हा सांधंल, असं म्हणाली. बिरूला ती म्हणते, त्यो माझ्या सांगण्यानं वाचला, मी त्याच्या सांगण्यानं अडकले, ह्यात देवानं कुणाची बाजू घेतली ते त्या बिरोबालाच इचारा. दर तपासणीला जांघ चाचपायच्या आधी ती बिरोबाचा धावा करते. सिद्धूला तेवढा धावा करावा लागत नाही, हे तिला सलतं. तो सल ती कुणापासनं लपवत नाही.

लिंबाखालचं पोतं गेलं. उरलेल्या बुटक्या अंगठ्याला सुई धरता येत नाही, आणि धरता आली असती तरी पाय पुढं करणारं कुणी राहिलं नव्हतं. बाजारात तिथं आता मोबाइलचे कव्हर विकणारा बसतो. सिद्धू वस्तीवर गुरांना पाणी दाखवतो. कुणी विचारलं की अंगठा पाठीमागं धरतो.

परवा सूरज आला होता. बापाचा निरोप घेऊन. पडवीत उभ्या उभ्या म्हणाला, "तात्या म्हनत्यात, एकदा येऊन तुमच्या पाया पडायचंय."

म्हाळसा कडब्याच्या पेंढ्या सोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्येंना म्हनाव, माझ्या पायाकडं येऊ नगं. एकदा बघितलाय त्येनी त्यो."

"मामी, म्हातारं झालंय त्ये आता."

"हुं दे की. म्हातारंच व्हायला पायजे त्येनं. लई म्हातारं व्हावं. रोज आंघोळीला तांब्या धरंल तवा म्हाळसा आठवावी. घ्या च्या, बिनदुधाचा हाय."

सूरज चहा प्यायला. जाताना सांगितलं, पुढच्या आठवड्यात मनीषा येईल म्हणाली. म्हाळसा "बरं" म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात विहिरीकडनं मोटारीचा आवाज आला, लाईट आली होती. बिरूनं रानातनं हाळी दिली. म्हाळसा भिंतीला धरून उठली, जाड चपलेत पाय घातला, कडब्याची पेंढी काखेत मारली आणि कुट्टीच्या मशीनकडं गेली. शेळ्या ओरडायला लागल्या. "आले की गं रांडांनो," म्हणत तिनं बटण दाबलं आणि पेंढीचं तोंड पात्याकडं सारलं.